चौथी सीट

"आणि ती काय बोलते माहितीय का ताई? 'हळू घ्या, डाळ सांडेल.' बस, एवढंच," असं ऋतिका म्हणाली, आणि माझी कात्री धागा सोडून कापडात शिरली. जीन्सला बोटभर चीर पडली. बारा वर्षं मी कॅम्प चारच्या या गाळ्यात धागा कटिंग करते. शिवून आलेल्या पँटींचे लोंबणारे दोरे कापायचे, झटकायच्या, घडी करून ढीग लावायचा; डोळे मिटूनही जमेल असं काम. कापड कधी फाडलं नव्हतं. ती पँट मी ढिगाच्या तळाशी सरकवली आणि जमेल तेवढ्या थंड आवाजात विचारलं, "कोण बोलते?" ऋतिका नवीन होती, पंधरा दिवसांची. बदलापूरहून यायची, आणि गोष्ट सांगायला कुणी सापडलं की तिचे हात थांबायचे. ते थांबले. "अगं वही, मोरिवलीवाली! माझा भाऊ सुजित तिकडे कंपनीत लागलाय ना, तो रोज जातो. अंबरनाथ स्टेशनवरून मोरिवलीच्या शेअर रिक्षा सुटतात, त्यात मागे तीनच घेतात. बाकी सगळ्या लाइनवर ड्रायव्हरच्या बाजूला चौथा कोंबतात की नाय? तिथं नाय कोंबत. कितीपण गर्दी असू दे. कारण ती सीट तिची आहे." मग तिनं सगळं सांगितलं. एक बाई होती, कंपनीत बॉयलर फुटला त्यात जळून गेली. हातात हिरव्या बांगड्या, मांडीवर स्टीलचा डबा. पाण्याच्या टाकीच्या वळणावर ती चढते, तेव्हा रिक्षा डावीकडे झुकते. ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो आणि डावीकडे बघत नाही. "सुजितनं स्वतः बघितलं, गाडी झुकली. मां कसम." काउंटरवरून शेठ ओरडला, "चलो माई, हाथ चलाओ," तशी ऋतिका खाली वाकली. माझे हात चालतच होते. फक्त ते माझे वाटत नव्हते.

ती कोण, हे विचारायची मला गरजच नव्हती. ती डाळ माझ्या ओळखीची होती. लग्नाला महिना झाला असेल, मी केलेली आमटी भातावर ओतून घेताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमची अंजनी पातळ डाळ करायची. डब्यातून सांडते म्हणून मांडीवर धरून न्यायची, आणि रस्ताभर याला सांगायची, हळू घ्या, डाळ सांडंल." हे सांगताना सुंदराबाई हसल्या होत्या, आणि ते हसू माझ्या आमटीसाठी नव्हतं. अंजनी म्हणजे माझ्या नवऱ्याची, मुकेशची, पहिली बायको. मुकेशची रिक्षा त्याच लाइनवर चालते, आमचं घरही टाकीच्या पुढे त्याच रस्त्याला आहे; पुढे कुणी बसत नाही हे मी रोज बघत होते, पण त्यामागची गोष्ट ड्रायव्हरच्या बायकोसमोर कोण काढणार? अंजनी होती त्या आठ वर्षांत ते दोघं स्टेशनजवळ भाड्यानं राहायचे. ती मोरिवलीला एका कंपनीत पॅकिंगला होती, आणि रोज सकाळी मागच्या तीन सवाऱ्या भरल्या की ही पुढे त्याच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसून जायची. नऊ वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि चार दिवसांत गेली. बॉयलर नाही, जाळ नाही, काही नाही. साधी इस्पितळातल्या पलंगावर गेली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते ऐकून होते, पण मेलेल्या बाईला अख्खी रिक्षा लाइन आंदण मिळते हे मला त्या दिवशी कळलं.

मला मत्सर नवीन नाही, हे आधीच सांगून टाकते. तो मला लग्नातच मिळाला, तोही चांदीचा. मला मंगळ आहे. तेहेतीस वर्षांची होईपर्यंत बदलापूरच्या आमच्या घरी पाहुणे चहा पिऊन, पत्रिका घेऊन गेले आणि परत आले नाहीत. शेवटी विष्णुपंत म्हणून पत्रिका बघणारे होते, त्यांनी बाबांना सांगितलं, बिजवर बघा. पहिलीनं झेललेलं असतं, मग हिचा मंगळ काही करत नाही. म्हणजे अंजनी मेली म्हणून माझं लग्न झालं, आणि अंजनी मेली म्हणूनच ते टिकणार होतं. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राच्या आधी सुंदराबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक माझ्या गळ्यात घातला. सवतीचा टाक. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचा उठाव. सोनारानं पदर काढला होता, हात काढले होते, पण नाक-डोळे काही काढले नव्हते. गेलेलीचा जीव अडकू नये, ती मागून आलेलीला त्रास देऊ नये, म्हणून हा घालायचा. सणाला आधी तिला हळदकुंकू, मग मला. नवी साडी आधी तिच्यापुढे धरायची, मग आपण नेसायची. आमच्या माहेरी असलं काही नव्हतं, पण मी घातला. मंगळामुळे इतकी वर्षं घरात बसलेली बाई टाकाला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? आंघोळीच्या वेळी तो छातीवर गार लागतो. दोरा मानेवर मागे घासतो, तिथं केसांखाली माझ्या डाव्या बाजूला एक तीळ आहे, नेमका त्याच्यावर. पहिल्या वर्षी मुकेशनं तो दोरा बोटानं जरा वर सरकवला होता आणि म्हणाला होता, "इथं तीळ आहे तुला." त्याआधी मला माहीत नव्हतं, स्वतःची मान कोण बघतं. माझ्या अंगावरची ती एकच गोष्ट त्यानं शोधून काढलेली, आणि सहा वर्षं मी ती जपून ठेवली होती.

त्या संध्याकाळी स्टेशनवर उतरले तेव्हा मुकेश फेरीवर गेला होता. स्टँडवर सदूकाका होते, लाइनवरचे सगळ्यात जुने, मूळचे मोरिवलीचेच. काचेच्या ग्लासातला चहा फुंकत बसले होते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि सरळ विचारलं, "काका, तुमच्या लाइनवर चौथी सीट का घेत नाही?" ते ग्लासात बघायला लागले. "मुकेशला विचार ना." म्हटलं, तुम्हाला विचारतेय. "तुला राग येल." "येऊ दे." मग त्यांनी ग्लास खाली ठेवला. "ती गेली, आनि तेरावा झाला तसा मुकेश गाडी घेऊन आला. मागं तीन भरली. चौथा मानूस पुढं बसाय लागला तर त्याला बोलला, उतर. आता लाइनचा नियम हाय बघ, चार भरल्याबिगर गाडी सुटायची नाय. आम्ही बोललो, असा कसा सोडतोस? भांडण झाली. एकानं कॉलर धरली. तवा तो बोलला, 'जागा भरलेली हाय.' बस. दुसरा सबूद नाय." मी विचारलं, "मग बॉयलर? बांगड्या? वळण?" काका ओशाळले. "ते आम्ही. म्हंजे कुनी एकानं नाय, होत गेला. दुसऱ्याच दिवशी मी चार भरली, आनि टाकीच्या वळनावर माझी क्लच वायर तुटली. आता वायर जुनी होती, मला ठाव हाय." मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. "तसाच," काका म्हणाले, "पन फांदी तुटली ना?"

घरी येईपर्यंत मी ते दोन शब्द चघळत होते. जागा भरलेली. मुकेशची रिक्षा आली, मी नेहमीसारखी मागे बसले, अजून दोघं बसली, आणि मी पहिल्यांदाच त्याच्या सीटकडे नीट बघितलं. तो सरळ बसतच नाही. उजवीकडे सरकून, एक मांडी जवळजवळ बाहेर, असा बसतो. मी समजत होते की तशी सवय असते रिक्षावाल्यांना. सीटची उजवी बाजू घासून आतला स्पंज वर आलाय आणि डाव्या अर्ध्या भागाचं रेक्झीन अजून चकचकीत आहे. रोज सकाळी तो तेवढाच भाग फडक्यानं पुसतो, मी सहा वर्षं दारातून बघतेय, आणि मला वाटायचं, किती टापटीप माणूस आहे. टाकीचं वळण आलं. रिक्षा डावीकडे झुकली. झुकणारच, तिथं रस्ताच कलता आहे, चाक असलेलं काहीही तिथं झुकेल. त्यानं दोनदा हॉर्न दिला. माझ्या बाजूच्या बाईनं डोळे मिटून पुटपुटल्यासारखं केलं. मला लग्नानंतरचा दुसरा का तिसरा दिवस आठवला. त्याच्याबरोबर पहिल्यांदाच निघाले होते, मागे दोन माणसं होती, आणि मला काय हौस आली कुणास ठाऊक, मी पुढे बसायला पाय उचलला. तो म्हणाला, "पुढे नको. पोलीस धरतात." मला इतकं बरं वाटलं होतं! वाटलं, बायकोची काळजी आहे, चारचौघांत तिनं अर्ध्या सीटवर लोंबकळू नये असं वाटतंय याला. ते वाक्य मी माहेरी सांगितलं होतं. आता ते वाक्यही गेलं.

मला त्याला विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं, हीच भीती होती. तो खोटं बोलत नाही. "जागा भरलेली आहे" हेसुद्धा तो खोटं बोललेला नव्हता. बाकीच्यांनी ते खोटं करून वाढवलं. आणि का वाढवणार नाहीत? पुढच्या काही दिवसांत मी कान देऊन ऐकायला लागले, तर जो तो त्या गोष्टीत आपापलं काहीतरी ठेवून होता. प्रवाशांना ती आवडायची, कारण गाडी तीनवर सुटते आणि वाट बघावी लागत नाही. कंपनीतल्या बायकांना आवडायची, कारण पुढे बसून आरशातून बघणारे बाप्ये गेले. ड्रायव्हरांना चौथ्या सीटसाठी पोलिसांची कटकट उरली नाही. एकाची गाडी टेम्पोला घासून वाचली, त्यानं पुढे हिरवी बांगडी बांधली. सुंदराबाईंना तर विचारूच नका. "जागृत आहे आमची अंजनी," असं त्या भाजीवालीला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं. मी भाजीची पिशवी धरून तिथंच उभी. जिवंत सुनेनं वेळेवर भाकरी केली तर त्यात काय जागृत असतं. आणि माझ्या लक्षात आलं की या सगळ्या गोष्टीत एका माणसाची सोय कुणी बघितलेली नाही. मी घराबाहेर पडावं, तर नाक्यावर सवत. घरात यावं, तर गळ्यात सवत. ती बॉयलरमध्ये जळाली का काविळीत, मला त्याचं काही नव्हतं. मी जळत होते ते त्या दोन शब्दांवर. माझ्याबद्दल मुकेश लोकांना काय सांगतो, ते मला पाठ आहे. "बरी आहे." एवढंच. बरी आहे, बरं चाललंय. माझ्यासाठी त्यानं कधी कुणाला कॉलर धरू दिली असती का? मी गेले तर कोणती जागा रिकामी ठेवेल? मागच्या तीन सीटांतली?

मंगळवारी मी शेठला दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि दुपारीच निघाले. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. सकाळपासून ठरलेलं होतं. फक्त हिरवं काही अंगावर नाही ना, एवढं मी घरातून निघतानाच बघितलं होतं. जांभळा ड्रेस होता. बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या. मला तिची नक्कल करायची नव्हती, मला तिची जागा पाहिजे होती. दुसऱ्या पाळीची माणसं घेऊन मुकेश तीनच्या आधी टाकीपाशी येतो. मी चालत गेले. ऊन मी म्हणत होतं, आणि कंपन्यांच्या बाजूनं तो आंबूस वास येत होता, ज्याला आम्ही वास म्हणायचंही सोडून दिलंय. धुळीसाठी ओढणी तोंडाला गुंडाळली, सगळ्याच बायका गुंडाळतात तशी, डोळे तेवढे उघडे. कडुनिंबाखाली उभी राहिले. टाकीतून पाणी ठिबकत होतं. मला हसू येत होतं, की चाळिशीला आलेली बाई नवऱ्याच्या रिक्षाला हात दाखवायला घाबरतेय. मग ती आली. एमएच-०५, पुढच्या काचेवर लिंबू-मिरची, मागे तीन माणसं. मी हात केला नाही. नुसती रस्त्याच्या कडेला एक पाऊल पुढे आले.

तो थांबला. ओढणीतूनही त्यानं मला ओळखलं. माझी चप्पल तरी ओळखली असेल. मी पुढून गेले आणि त्याच्या डाव्या बाजूला, त्या चकचकीत रेक्झीनवर बसले. नऊ वर्षांत तिथं बसलेली पहिली बाई. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. मला माहीत नाही काय, पण काहीतरी. झालं ते असं की सीट फार लहान निघाली. अर्धं अंग बाहेर, एक हात वरच्या दांड्याला, लोखंडी कड मांडीत रुतत होती. गियर टाकताना त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. पुढचा गियर, पुन्हा कोपर. आठ वर्षं ही बाई रोज हे कोपर खात होती, मांडीवर डाळीचा डबा सांभाळत, आणि तरी तिला मागे बसावंसं वाटलं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या सुखाचा मी हेवा करत होते. तिला बसलेल्या त्या कोपरांचा हेवा करायला मी तयार नव्हते, आणि तो सगळ्यात जास्त झाला. वळणावर गाडी कलली. त्यानं दोनदा हॉर्न दिला. सवयीनं असेल. आणि मग पुढे रस्त्याकडे बघतच, हळू आवाजात म्हणाला, "पाय आत घे." मी पाय आत घेतले. मागची तिघंही गप्प होती. गाडीत बसल्यावर माणसं फोनवर बोलतात, खोकतात, काहीतरी करतात. ही श्वासही घेत नव्हती. कंपनीच्या गेटवर ती धडपडत उतरली. त्यातल्या एकानं, मिसरूड नीट न फुटलेल्या एका कामगारानं, मला हात जोडले. कपाळाला हात लावला आणि मागे न बघता आत पळाला. तो नमस्कार मला नव्हता, हे कळायला मला एवढाही वेळ लागला नाही.

गाडीत आम्ही दोघंच उरलो. त्यानं इंजिन बंद केलं नाही. मी विचारलं, "तिलाही असंच म्हणायचात? पाय आत घे?" तो म्हणाला, "पुढं बसलेल्या कुणालाही सांगावं लागतं. पाय लागतो बाहेर." हे उत्तर होतं का नव्हतं, मला कळलं नाही. मग म्हणाला, "काही दुखतंय का? लवकर कशी आलीस?" मी नाही म्हटलं. त्यानं गाडी वळवली, आणि स्टँड दिसायला लागायच्या आधी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी थांबवली. "माधवी, मागं बस आता. लाइनवाले बघतील." आवाज मऊ होता. मऊ होता म्हणूनच लागला. ओरडला असता तर मी भांडले असते. मी उतरले, मागे जाऊन बसले, तीन माणसांच्या जागेत एकटी, आणि त्याची उजवीकडे सरकलेली पाठ बघत राहिले. त्याच्या डावीकडे पुन्हा ती मोकळी जागा होती. मी तिथून उठून आले होते तरी ती माझ्यामुळे मोकळी झाल्यासारखी दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात पाय ठेवते तोच ऋतिकानं मला गाठलं. "ताई! काल दिसली! दिवसाढवळ्या! सुजितच्या शिफ्टमधल्या तिघांनी बघितली, एकाला तर ताप भरलाय. वळणावर उभी होती, गाडी आपोआप थांबली, ती चढली, ड्रायव्हर बाजूला बघतसुद्धा नव्हता. आणि हात! ताई, तिचे हात निळे होते. पूर्ण निळे, विष चढल्यासारखे." असं म्हणून तिनं दाखवण्यासाठी स्वतःचे हात माझ्यापुढे धरले. ते निळे होते. जीन्सच्या रंगानं आमच्या गाळ्यातल्या प्रत्येक बाईचे हात निळे असतात, नखांच्या कडा तर आंघोळीनंही सुटत नाहीत. माझेही तिच्यासमोरच होते. तिला काही दिसलं नाही. मला हसायला यायला हवं होतं. मी विचारलं, "दिसायला कशी होती म्हणे?" विचारताना माझा आवाज उगाचच लाडिक झाला, मला खरंच ऐकायचं होतं. ऋतिकानं मान हलवली. "चेहराच नाय तिला. डोळे फक्त. चेहरा असतोच कुठं त्यांना?" मी खाली बसले आणि पँट ओढून घेतली. छातीवरचा टाक कापडाआडून टोचत होता. सहा वर्षं संसार केला, एकदा धीर करून नवऱ्याच्या बाजूला बसले, आणि सगळ्या मोरिवलीनं बघितलं ते तिला. माझा एक डोळासुद्धा माझ्या नावावर लागला नाही.

काही वेळ मी धागे कापत राहिले. पाच-सहा पँटी झाल्या असतील. मग माझ्याच तोंडून निघालं, "तीळ आहे तिला." ऋतिका थांबली. "काय?" म्हटलं, "मानेवर. मागे, डाव्या बाजूला, केसांच्या खाली. मला मोरिवलीतल्या एका म्हातारीनं सांगितलं. वारा आला की केस उडतात आणि दिसतो. तो दिसला की समजायचं, तीच." माझा आवाज कसा स्थिर होता! कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटलं, सदूकाकांनाही असंच सोपं गेलं असेल, आणि ज्यानं पहिल्यांदा बॉयलर म्हटलं त्यालाही. आपल्याला जे सांगता येत नाही ते दुसऱ्याच्या अंगावर ठेवून द्यायचं, की ते आपोआप चालायला लागतं. ऋतिकानं दंड चोळला. दुपारच्या जेवणाला तीळ शेजारच्या गाळ्यात गेला. संध्याकाळी बदलापूरला गेला असणार, सुजितकडे. मला माहीत होतं तो कुठं पोचायचाय. लाइनवर एकच माणूस होता ज्याला तो तीळ कुणाचा हे कळलं असतं. मी त्याला चिठ्ठी पाठवली होती, अख्ख्या अंबरनाथच्या हातानं.

शुक्रवारी एमआयडीसी बंद असते, आमचा गाळाही, आणि लाइन थंड. त्या दिवशी मुकेश घरीच गाडी धुतो. अंगणात सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मी नळावरून बादल्या आणून देत होते. दोन दिवस तो काही बोलला नव्हता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघून बघून दमले होते. तिसऱ्या बादलीला तो म्हणाला, "लाइनवर नवीनच काढलंय लोकांनी. म्हणे तिच्या मानेवर तीळ आहे." मी पाणी ओतत राहिले. "कुठं?" "मागं. केसांखाली. डाव्या बाजूला." सासूबाईंनी सुपातून मान वर केली. मी म्हटलं, "लोक काय, काहीही बोलतात." तो फडकं पिळत माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर हसू होतं की काय होतं, पण कळल्याचं होतं. एवढं मला पुरलं असतं. पण त्यानं पुढच्या सीटची डावी बाजू पुसली, रोजच्यासारखी, कोरडी होईपर्यंत, मग तिच्यावर तळहात थोपटला आणि सगळ्यांसमोर, आईसमोर, म्हणाला, "बस. इथं बस जरा."

मी बसले. हात ओले, साडी खोचलेली, पायात चप्पल नाही. उभ्या गाडीत. सासूबाईंचे हात सुपात थांबले होते. मला वाटलं, आता रडू फुटणार, सहा वर्षांचं एकदम. ओठ दाबून मी समोरच्या काचेतून आमचंच घर बघत राहिले. इथून ते वेगळं दिसत होतं. मुकेश पुढच्या चाकाशी खाली बसला आणि रिंग घासायला लागला. थोड्या वेळानं तो बोलला. माझ्याशीच बोलला, पण चाकाकडे बघत, आठवून बोलावं तसं.

"अंजनीचा उजवीकडं होता," तो म्हणाला. "जरा खाली. खांद्याच्या लगत."

मी पाय आत घेतले.